शब्द आणि हिशेब



मे 2021. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतले दिवस. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या शेजारच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एक अक्का राहतात. वय पन्नाशीच्या पुढचं. कोव्हॅक्सिनचा पहिला डोस एप्रिलमध्ये झालेला, दुसऱ्याची तारीख उलटून गेलेली. पहाटे पाचपासून त्या रांगेत उभ्या राहायच्या आणि नंबर यायच्या आत टोकनं संपायची. तिसऱ्या दिवशी केंद्राच्या दारावर नुसताच कागद चिकटवलेला होता, ‘लस शिल्लक नाही’. अक्कांनी तिथल्या कर्मचाऱ्याला एवढंच विचारलं, “साहेब, उद्या नक्की हाय का? तसं सांगा, म्हणजे रातच्याला पानं भिजवू का नको ते ठरवते.”

ज्यांच्या घरात विडी आहे त्यांना या प्रश्नाचं मोल कळेल. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी लागतात. सकाळी ती कात्रीनं कापायची, सूप मांडीवर घ्यायचं आणि वळायला बसायचं. हजार विड्या भरल्या तर मजुरी पदरात पडते. पानं भिजवून रांगेत गेलं तर पानं वाया जातात. न भिजवता गेलं आणि लस मिळाली नाही, तर दिवस वाया जातो. त्या कर्मचाऱ्यानं हात जोडले. उद्या लस येणार की नाही, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

शासनाचं उत्तरदायित्व हा शब्द भारदस्त आहे, पण त्याचा अर्थ अक्कांच्या प्रश्नाइतका साधा आहे. आधी शब्द द्यायचा आणि नंतर हिशेब द्यायचा. त्या लाटेत आपल्याला यातलं काहीच मिळालं नाही.

असं का झालं? देशात लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झालं. त्याआधी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटला केंद्र सरकारनं दिलेली पहिली मागणी 1 कोटी 10 लाख डोसची होती. शंभर कोटींहून अधिक लोकांच्या देशाची ही पहिली मागणी! जगातला सर्वांत मोठा लस कारखाना सोलापूरहून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर, आणि आपल्या केंद्रांना कुलूप. 1 मेपासून अठरा वर्षांवरच्या सर्वांना लस खुली झाली. निम्मा साठा केंद्राचा, उरलेला राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी विकत घ्यायचा, असं ठरलं. केंद्राला डोस 150 रुपयांना मिळत होता. राज्यांना मात्र कोव्हिशील्डसाठी 300 आणि कोव्हॅक्सिनसाठी 400 रुपये मोजावे लागत होते. पण पुरेसा माल होताच कुठे? मेच्या मध्याला महाराष्ट्रानं तरुणांचं लसीकरण थांबवलं आणि त्यांच्यासाठी घेतलेली कोव्हॅक्सिन दुसऱ्या डोससाठी खोळंबलेल्या वडीलधाऱ्यांकडे वळवली. म्हणजे अक्कांसारख्यांचा डोस आला तो त्यांच्याच मुलांच्या वाट्यातून.

31 मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक असल्याचं म्हटलं. लशींसाठी अर्थसंकल्पात ठेवलेल्या 35,000 कोटी रुपयांचा खर्च कसा झाला आणि कोणती मागणी कधी नोंदवली, याचा तपशील मागितला. 7 जूनला केंद्रानं धोरण बदलल्याचं जाहीर केलं आणि 21 जूनपासून राज्यांचा वाटाही स्वतःकडे घेतला. हिशेब विचारणं म्हणजे संकटात खोडा घालणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आठवडा लक्षात ठेवावा.

हिशेब फक्त लशीचा नाही, माणसांचाही ठेवायचा असतो. आपल्याच शहरात जून 2020 मध्ये, वेळेवर न कळवलेल्या 40 मृत्यूंची भर मागाहून आकड्यात घालावी लागली. पुढे मृतांच्या वारसांना 50,000 रुपये देण्याचं ठरलं, तेव्हा कळलं की नोंदीतली चूक थेट विधवेच्या दारापर्यंत येते. कारखान्यात अक्कांची एकेक विडी मोजली जाते, छाट, म्हणजे सदोष, निघाली तर बाजूला टाकली जाते. इतकी काटेकोर मोजणी माणसांची व्हायला नको का?

हिशेब न देण्याची मुळं जुनी आहेत. साथरोग कायदा 1897 चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. घरं रिकामी करवणं, प्रवासी अडवून तपासणं, असे अधिकार त्यानं सरकारला दिले. त्याच्या चौथ्या कलमानं सद्भावनेनं केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांना संरक्षणही दिलं. सरकारनं लोकांना काय कळवायचं, साठ्याचा हिशेब कुणासमोर मांडायचा, याविषयी त्यात एक ओळ नाही. परक्या राज्यकर्त्याला ती नको होती. आपल्याला हवी आहे.

हिशेब मागता येतो. ब्रिटनमध्ये माजी न्यायाधीश हॅलेट यांच्या अध्यक्षतेखाली कोरोनाकाळातल्या कारभाराची चौकशी नेमली गेली. सरकारची तयारी चुकीच्या साथीसाठी होती, असं जुलै 2024 च्या पहिल्या अहवालात लेखी नोंदवलं गेलं. लांब कशाला, आपल्या मोहोळ तालुक्यातलं घाटणे आणि दक्षिण सोलापुरातलं अंत्रोळी पाहा. मे 2021 अखेर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी गाव कोरोनामुक्त केल्याबद्दल या गावांच्या तरुण सरपंचांचं नाव घेऊन कौतुक केलं. सरपंचाला माणूस पारावर गाठून विचारू शकतो, हे गावाचं बळ आहे. तेच बळ शहरातल्या प्रभागाला आणि जिल्ह्याला का असू नये?

म्हणून माझं मागणं मोठं नाही. किती डोस आले, किती वाया गेले, कोणतं केंद्र किती दिवस बंद राहिलं, याचा प्रभागवार हिशेब महापालिकेनं आणि जिल्ह्यानं छापून लोकांपुढे ठेवावा. राज्यानं आणि केंद्रानं आपापला ठेवावा. आणि साथरोग कायद्यात अधिकारांच्या शेजारी कर्तव्यंही लिहिली जावीत.

अक्कांना दुसरा डोस जूनमध्ये मिळाला. पुढची साथ कधी येईल हे कुणाच्या हातात नाही. पण ती येईल तेव्हा केंद्राच्या दारावर आदल्या संध्याकाळीच फळा लागलेला असावा, उद्या अमुक लस, इतके डोस, इतक्या वाजता. अक्कांनी तो पाहावा, घरी जावं आणि पानं भिजवायची की नाही ते निर्धास्तपणे ठरवावं.