लाल गोळी आणि डॉक्टर लूसी विल्स

आशाताई गरोदर बाईच्या हातावर लाल गोळी ठेवतात. तिच्यात नुसतं लोह नसतं, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडही असतं. त्याचा माग पहिल्यांदा लागला तो आपल्या मुंबईत.

1928 साली इंग्लंडच्या डॉ. लूसी विल्स मुंबईच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरणीत राबणाऱ्या बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि दगावत. जंतूंचा संशय घेऊन झाला, हाती काही लागलं नाही. मग तळपदे या सहकाऱ्याला बरोबर घेऊन बाईंनी या बायकांच्या ताटात काय पडतं, तेच पाहिलं. भाजीपाला, फळं नावालाच! पुढे मार्माइट, म्हणजे यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क, आजारी माकडाला दिला. ते सुधारलं. तोच अर्क घेऊन बायकाही सुधारल्या. 1931 मध्ये बाईंनी हे छापून जगापुढे ठेवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं, आणि 1945 मध्ये आपल्या यल्लाप्रगडा सुब्बारावांच्या अमेरिकेतल्या चमूनं ते तयार केलं.

हे फॉलिक रक्तात काय करतं, ते आता बाजरीच्या भाकरीवरून बघा. लोह म्हणजे पीठ. पीठच कमी, तर भाकऱ्या लहान आणि पातळ. पण परात भरून पीठ आहे आणि गोळे तोडायला हातच नाही, तर? दोन-चार जाडजूड, कच्च्या भाकऱ्या होतील, घरातली निम्मी माणसं उपाशी राहतील. रक्तातल्या तांबड्या पेशींचं तसंच होतं: मोठ्या, पण मोजक्याच. तो गोळे तोडणारा हात म्हणजे फॉलिक. तिथं पीठ वाढवून भागत नाही.

आणि आपण काय करतो? मेथी, तांदुळजा रटारटा उकळतो, पिळतो आणि ते हिरवं पाणी मोरीत ओततो. अहो, फॉलिक त्या पाण्यातच उतरलेलं असतं! त्यात पीठ मळा, आमटी करा. आणि सासूबाई, सुनेला भाजी आधी वाढा, उरलीसुरली नको. शी काळी होते म्हणून गोळी कोनाड्यात ठेवू नका. काळी होणारच, ते लोहामुळे. गोळीवर लगेच चहा मात्र नको.

बाळाच्या मणक्यासाठीही फॉलिक लागतं. त्याचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घडतो, बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आत, म्हणून लग्न झालेल्या मुलींनी आधीपासूनच फॉलिक घ्यावं. आता वेळ संपत आली. पाथर्डी-शेवगावच्या ज्या बाया दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतील आणि गरोदर असतील, त्यांनी निघण्याआधी आशाताईंकडून पुढच्या महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात. आणि भाजीचं पाणी, ते तेवढं ओतू नका.