विमान उडतं, कूळ सुटत नाही

कन्नड साहित्य परिषदेच्या या चामराजपेटेत मी बोलतेय अद्भुतरम्य प्रेमकथांबद्दल.

रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. तिच्यात विमान आहे. प्रेम मात्र राजपुत्र-राजकन्येचंच. कल्पना आकाशात जाते, कुळाचं कुंपण ओलांडत नाही.

ट्रेसी डिऑनच्या ‘लेजेंडबॉर्न’ची (२०२०) नायिका ब्री कृष्णवर्णीय. शेवटी तीही राजा आर्थरची वारस निघते. मी चिडलेच: पुन्हा रक्त! पण तो वारसा गुलाम पूर्वज स्त्रीवर मालकाने केलेल्या बलात्कारातून आलाय, हे लेखिका लपवत नाही. म्हणून ते पुस्तक मी मैत्रिणींना देते.

तरी मला मराठीत अशी नायिका हवीय, जिला प्रेम मिळवायला राजकन्या निघावं लागणार नाही. आडनाव कळल्यावरही कुणीतरी तिच्यावर जीव टाकेल. ड्रॅगन नसले तरी चालतील.