हाताखालचा माणूस


देवळ्याच्या कांदा बाजारात नवा दिवाणजी पारखला जातो तो केवळ हिशेबावर नव्हे. चाळीतला माल भिजल्याचे तो मालकाने विचारण्याआधी सांगतो का, यावर. पण जो कमी पडतो, त्याचे काय करावे?

शिवछत्रपतींची दोन पत्रे पाहावीत. राज्याभिषेक तोंडावर असताना, मे १६७४ मध्ये, महाराज चिपळूणकडील छावणीच्या जुमलेदार-कारकुनांना दाणावैरण बेताने वापरण्यास सांगतात; अन्यथा ती पावसाळ्यात संपेल, घोडी मरतील आणि लष्कर रयतेस छळेल. दिवा जळता ठेवल्यास उंदीर वात नेईल, गवत पेटेल, इथपर्यंत बारकावा! चूक घडण्यापूर्वीच कारणासह समजावले.

दुसरे पत्र जानेवारी १६७५ चे, प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांस. पद्मदुर्गाच्या कामी आरमारास ऐवज व गल्ला त्यांनी पोचवला नव्हता. काय सोपविले होते, विलंबाने सिद्दीचे कसे फावते, हे महाराजांनी रोखठोक सुनावले. शत्रूने तुम्हास फितविले की काय, असा संशयही बोलून दाखविला आणि ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होणार नाही, हेही बजावले.

आपल्या पेढ्यांवर मात्र वर्षभर मुकाट सोसायचे आणि दिवाळीनंतर ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणायचे, अशी रीत. आपले उणे काय, हे त्या पोराला शेवटपर्यंत कोणी सांगितलेलेच नसते.