पावसात फटफटीवर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



रेनकोट आपण रंग पाहून घेतो. मीही तसाच घेतला होता. डोक्यावरून घालायचा, सैल घेराचा. साडीवरून सहज जातो ना! पायी चालताना तो उत्तमच. पण ह्यांच्या फटफटीवर मागे बसले, घेरात वारा शिरला आणि त्याचे टोक चाकात ओढले गेले. गाडी हळू होती म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचे चाक निदान निम्मे झाकलेले हवे, ते आपल्या कपड्यांसाठीच. पण उरलेले निम्मे उघडेच असते!

तेव्हा सदरा-विजारीचा जोडच घ्यावा. साडीवर विजार चढत नाही, हे खरे. पावसाळ्यात मी पंजाबी पोशाख घालते. (सुचवले सासूबाईंनीच.) जोड उलटा करून शिवणींवर आतून पट्टी चिकटवली आहे ना, ते पाहावे, पाणी झिरपते ते सुईच्या भोकांतून. घालून पाहावा तो बसून, कारण गुडघे वाकले की विजार वर चढते. आणि रंग पिवळा बघावा, मागच्या ट्रकवाल्याला दिसेल असा.

जुना रेनकोट टाकलेला नाही. भाजीला जाते तो घालून, पायी.