बागेला माणूस हवा

(बीड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात नगरपालिकेच्या उद्यानांवर बोलायचे म्हटले की आपल्यापैकी काहींच्या मनात शंका येईल : जिथे पिण्याच्या पाण्याची भ्रांत, तिथे बागांचे कौतुक कशाला? शंका रास्त आहे. परंतु उद्यान कोणाला लागते, हे आधी पाहिले पाहिजे. ज्याच्या घरापुढे अंगण आहे आणि ज्याची मुले फी भरून खेळ शिकू शकतात, त्याचे सार्वजनिक बागेवाचून काही अडत नाही. दोन खोल्यांत सात माणसे राहतात, त्या घरातील वृद्धाला, सुनेला आणि शाळकरी मुलाला मात्र घराबाहेर हक्काने बसण्याची दुसरी जागा नसते. तेव्हा हा प्रश्न चैनीचा नसून सार्वजनिक संपत्तीच्या वाटपाचा आहे.

कायदा याविषयी काय म्हणतो? महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये कर्तव्यांचे दोन वर्ग आहेत. रस्ते, दिवे, सफाई ही बंधनकारक कर्तव्ये. उद्याने आणि वाचनालये मात्र ऐच्छिक. पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने उद्याने, बागा व क्रीडांगणे यांना घटनेच्या बाराव्या अनुसूचीत स्थान मिळाले. तरीही जे ऐच्छिक ते अंदाजपत्रकात शेवटी येते, आणि येते तेही बहुधा बांधकामाच्या रूपाने.

येथेच मूळ दुखणे आहे. अर्थशास्त्रात भांडवली खर्च आणि महसुली खर्च असा भेद करतात. कुंपण, कारंजे, कमान, फरसबंदी हा भांडवली खर्च. माळी, पहारेकरी, खेळशिक्षक, ग्रंथपाल यांचे वेतन हा महसुली खर्च. पहिल्यासाठी वरून निधी येतो. २०१५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या 'अमृत' योजनेत बीड शहराचा समावेश होता आणि त्या योजनेत निधीचा अडीच टक्क्यांपर्यंतचा भाग हिरव्या जागा व उद्याने यांसाठी खर्च करण्याची मुभा होती. भांडवली कामाची निविदा निघते, कंत्राटदार मिळतो, कोनशिला बसते. माळ्याच्या पगाराची कोनशिला कोणी बसवीत नाही! परिणामी बाग बांधली जाते, पण चालविली जात नाही. जायकवाडीच्या पायथ्याशी पैठणला म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर उभारलेले ज्ञानेश्वर उद्यान आपल्या शेजारीच आहे. एके काळी मराठवाड्याचे भूषण ठरलेल्या त्या बागेची पुढे किती दुरवस्था झाली, हे येथे बसलेल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरा धोका प्रवेशशुल्काचा. मुंबईच्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१७ पर्यंत प्रौढाला पाच रुपयांत प्रवेश होता. पेंग्विन आल्यावर तो पन्नास रुपये झाला. देखभालीला पैसा लागतो हे मान्य. पण तो करांतून उभारायचा की दारात उभ्या असलेल्या मजुराच्या खिशातून, हा निर्णय हिशेबनिसाचा नाही. तो राजकीय निर्णय आहे.

मग चालती बाग म्हणजे काय? कोलंबियातील बोगोटा हे काही श्रीमंत देशातील शहर नव्हे. तेथे १९७४ पासून दर रविवारी मुख्य रस्ते काही तास मोटारींना बंद करून चालणाऱ्यांना व सायकलवाल्यांना मोकळे केले जातात. १९९५ पासून नगर प्रशासनाचे प्रशिक्षक तेथील उद्यानांत विनामूल्य व्यायामवर्ग घेतात. या वर्गांना मोठे बांधकाम लागत नाही. ठरलेली वेळ आणि ठरलेला माणूस, एवढेच लागते. आपल्याला तर हे नवे नाही. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाचे काम उभे राहिले ते मोकळ्या मैदानावरच. संध्याकाळच्या शाखेत निरनिराळ्या जातींची मुले एका रांगेत उभी राहत, खेळत, गात. मैदान होते आणि मैदानावर शाखानायक होता, म्हणून ते घडले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. शाळेत जाण्यासाठी मैलोगणती पायपीट करणाऱ्या या मुलाला ही शर्यत आणि प्रशिक्षण मिळाले ते सैन्यात गेल्यावर. जे सैन्याने दिले, ते तालुक्याच्या मैदानाने का देऊ नये? आणि सैन्यात न जाणाऱ्या मुलींचे काय? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७ मुली होत्या. ज्या समाजात मुलीचे जन्मणेच अवघड, तेथे ती सायंकाळी मैदानावर निर्धास्त खेळते आहे, हे दृश्यसुद्धा लोकशिक्षण ठरेल. त्यासाठी दिवा हवा, स्वच्छतागृह हवे आणि पगारी महिला प्रशिक्षक हवी.

ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ती गावात येतात तोवर शाळेचे वर्ष सरत आलेले असते. नगरपालिकेने सावलीच्या बागेत सकाळचे उन्हाळी वर्ग भरविले, तेथे पुस्तकांची एक पेटी आणि एक शिक्षक ठेवला, तर बुडालेला अभ्यास थोडा तरी भरून निघेल.

पाण्याचे काय, हा प्रश्न उरतोच. हिरवळीचे गालिचे आपल्या हवेला मानवणारे नाहीत. कडुनिंब, चिंच, करंज, वड लावावेत आणि त्यांना सांडपाणी शुद्ध करून द्यावे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेल्या बीडच्या खजाना विहिरीने उपसा न करता केवळ उताराच्या बळावर बागायतीला पाणी पोचविले. पाण्याचा इतका विचार करणाऱ्या शहराला सावलीची चार झाडे जगविणे जड नाही.

राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होता. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या. जाब विचारण्यासाठी लोकप्रतिनिधी आता समोर आहेत. म्हणून तीन कामे सुचवितो. पहिले, आपल्या गावचा विकास आराखडा मागून घ्या आणि बागेची व मैदानाची आरक्षणे जागेवर जाऊन तपासा. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर जमीनमालकाच्या नोटिशीनंतर ठरावीक मुदतीने आरक्षण रद्द होऊ शकते. आपण गाफील राहिलो तर मैदान कागदावरूनही नाहीसे होते. दुसरे, उद्यानावरील खर्चात बांधकाम किती आणि वेतन किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. तिसरे, माळी, पहारेकरी आणि एक स्त्री व एक पुरुष प्रशिक्षक यांच्या नियमित वेतनाची तरतूद पुढील अंदाजपत्रकात व्हावी, प्रवेश विनामूल्य राहावा आणि कार्यक्रमांचे वेळापत्रक बागेच्या दारावर लागावे, अशी मागणी वस्तीवस्तीतून सह्या घेऊन करा.

या सह्या घेण्यासाठी सुशिक्षितांच्या वसाहतीत आधी जाऊ नका. ज्या वस्तीतील मुले आज रस्त्यावर खेळतात, तेथून सुरुवात करा. बाग त्यांची आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.