स्वयंपाकघरांतील फडक्यांचा कुबट वास

श्रावणांत कोंकणांतल्या घरीं दांडीवरचें फडकें दिवसभर ओलेंच राहतें. साबणानें धुतलें तरी हात पुसतांच कुबट वास पुन्हां येतो आणि दोष धुणें धुणाऱ्या बाईच्या माथीं येतो. खरें कारण निराळें आहे. तेलातुपाचा अंश धाग्यांत मुरतो व त्यावर सूक्ष्म जंतु पोसतात. या वासाचें मूळ 'मोराक्सेला ऑस्लोएन्सिस' नांवाच्या जंतूंत असल्याचें जपानी संशोधकांनीं २०१२ सालीं दाखविलें. तो कोरडेपणाला व अतिनील किरणांना सहसा दाद देत नाहीं. म्हणून नुसतें उन्हांत वाळवून भागत नाहीं. सुगंधानें तर वास झांकतो, जात नाहीं.

पांढरीं सुती फडकीं स्टीलच्या पातेल्यांत, लिटरभर पाण्यास चमचाभर धुण्याचा सोडा घालून, २० मिनिटें उकळावीं. सोडा तेलकटपणा सोडवितो, उकळीनें जंतु मरतात. अ‍ॅल्युमिनियमचें भांडें मात्र वापरूं नये. सोड्यानें तें काळवंडतें. नंतर फडकीं खळबळून, घट्ट पिळून वाऱ्यावर मोकळीं पसरावीं. ओलीं एकावर एक टाकूं नयेत. एवढें पाळलें, म्हणजे वासासाठीं त्या बाईला बोल लावण्याचें कारण उरत नाहीं.