पहिल्यांदा उशीर, दुसऱ्यांदा झटपट

संगणकावर एखादा प्रोग्राम उघडायला वेळ लागला की दोष प्रोसेसरला नाहीतर विंडोजला दिला जातो. तोच प्रोग्राम बंद करून लगेच पुन्हा उघडा. बहुतेकदा तो चटकन उघडतो. प्रोसेसर तोच, विंडोजही तीच. फरक इतकाच, की लागणाऱ्या फायली आता डिस्कऐवजी मेमरीतून येतात. फिरत्या हार्ड डिस्कला विखुरलेला मजकूर गाठायला दर खेपेला साधारण 10 मिलिसेकंद लागतात, आणि मोठ्या प्रोग्रामच्या अशा शेकडो खेपा होतात. म्हणूनच 2001 सालच्या विंडोज एक्सपीने लागणाऱ्या फायलींची नोंद ठेवून त्या एकगठ्ठा वाचण्याची सोय आणली.

मग एकाच यंत्रावर दोन प्रणालींत फरक का पडतो, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. 2022 च्या उबुंटू या लिनक्स प्रणालीत फायरफॉक्स ब्राउझर ‘स्नॅप’ या दाबून बांधलेल्या गाठोड्यातून आला आणि पहिल्या वेळी उघडताना रेंगाळू लागला. त्यावर पुढे सुधारणा कराव्या लागल्या. मॅकओएस नव्या प्रोग्रामची आधी सुरक्षा-तपासणी करते. तो उशीर सोसावा, तपासणी बंद करू नये. हार्ड डिस्कवर चालणारा जुना संगणक मोडीत काढण्याआधी मात्र त्यात एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, बसवून पाहा.